अभिवचन रजा

कागदावर लिहिलंय : अभिवचन रजा.
शिपाई म्हणतो पॅरोल,
बेबा म्हणते सुट्टी.
गल्लीतली पोरं काहीच म्हणत नाहीत.
त्यांचा चेंडू आमच्या ओट्यावर आला
की घ्यायला कुणी येत नाही.
मीच फेकतो परत.
जरा जोरातच जातो.

नाशिकहून एसटीनं आलो.
कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं?
बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
नंदुरबार, म्हणालो
आणि हात आपोआप छातीवर गेला,
बिल्ल्याच्या जागी.

पहाटे बेबा उठते तेव्हा मी आधीच
खाटेच्या पायथ्याशी उभा असतो, गिनतीसाठी.
"नीज ना रे भाऊ, आते कोन मोजस?"
तरी मी मोजतो : ती, मी, शेळी,
भिंतीवर अण्णांचा फोटो. चार.
अण्णांसाठी रजा मंजूर झाली होती,
तेराव्यानंतर.

दाराशी येऊन अजून थांबतो.
कडी आतून आहे,
हे आठवायला वेळ लागतो.
एकदा इतका वेळ उभा राहिलो
की शेळीनंच डोक्यानं दार ढकललं.
मग मी तिच्या मागून बाहेर.

रोज अकराला ठाण्यात सही.
गेलो तेव्हा अंगठा होता माझा,
सही आत शिकलो.
हिलाल भिला, आणि खाली एक रेघ.
पाडवी हवालदाराला ती रेघ आवडते.
गाव सोडू नको, म्हणतो.
गावानं मला सोडलंय की धरलंय,
मला अजून नीट कळलेलं नाही.

दुपारी बेबाबरोबर मिरचीच्या पथारीवर जातो,
पोती उचलायला.
रस्त्यापासून नाल्यापर्यंत नुसता लाल.
इतका लाल मी एकदाच पाहिला होता,
तोही रात्री, बॅटरीच्या उजेडात.
पहिल्या दिवशी मी पाठ करूनच काम केलं.

बायका देठं खुडतात, तोंडाला फडकी बांधून,
किलोवर पैसे.
तिसऱ्या दिवशी बेबा पोत्याआडून बोलली :
ती कडेची, हिरव्या फडक्याची,
ती ठगूबाई.
झुलालची माय.

मी पोतं उचललं, ठेवलं,
तेच पुन्हा उचललं.

पथारीवर सगळ्यांचेच डोळे वाहतात,
नाकं गळतात,
कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही.
तेवढी एक सोय आहे.

आठवडाभर मी तिच्या बाजूला गेलो नाही.
तीही माझ्या बाजूला थुंकली नाही.
मग एका संध्याकाळी, काट्यापाशी,
तिची पाटी उचलेना.
मुकादमाचा पोरगा फोनवर.
बेबा लांब.
मी दुसऱ्या बाजूनं हात लावला.
पाटी वर आली. दोघांच्या मध्ये.

फडक्यावरून दोन डोळे,
मिरचीसारखेच सुकलेले.
"किती दिन ऱ्हाशी?"
"तीस. नऊ गयात."
ती काही मोजत राहिली, बोटांवर,
माझे दिवस की त्याची वर्षं, कोण जाणे.
मग म्हणाली,
"मिरची आखो दोन म्हैना शे."
आणि पाटी घेऊन गेली.

रात्री हात जळत होते.
बेबानं तेल लावलं, दही लावलं.
दादरची भाकर मोडताना बोटं तोंडाला लागली,
तिखट.
शिवी होती का ती? बोलावणं?
की नुसती मिरचीचीच गोष्ट?
आत असतो तर कुणा जाणत्याला विचारलं असतं.
तिथं कायद्याचं सगळं
कुणाला ना कुणाला पाठ असतं.
हे कुणाला असेल?

सकाळी ठाण्यात रजिस्टर उघडलं.
हिलाल भिला, आणि खाली रेघ.
रेघेशेजारी बोट टेकलं,
लालसर डाग उमटला, अंगठ्यासारखा.
पाडवी पान जवळ घेऊन बघायला गेला
आणि शिंकला, दोनदा,
डोळे पुसत म्हणाला,
"उद्यापासून हात धुवून येत जा."

धुतलेच होते, साहेब.